आधी टॉर्कचा खड्डा बुजवा, टर्बोचं नंतर बघू

टोयोटा जीटी८६ला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) बसवावा का, या चर्चेत एकांनी म्हटलंय की टोयोटाच्याच जुन्या सुप्राला टर्बो वाढवून दुप्पट ताकद काढतात, मग जीटी८६ला का नको? अहो, दोन्ही इंजिनांची जातच वेगळी. त्या सुप्राचं २जेझेड-जीटीई इंजिन कारखान्यातूनच टर्बोसाठी बनलेलं. बिडाचा ब्लॉक, कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा-इंधन किती पट दाबलं जातं ते) ८.५:१. जीटी८६चं एफए२० इंजिन म्हणजे टर्बोविना २०० अश्वशक्ती काढणारं, कॉम्प्रेशन १२.५:१. त्यात वरून हवा कोंबली की नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून इंजिनाला हादरे बसण्याचा) धोका लगेच वाढतो, आणि जास्त बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या जास्त दाबावर, आधी पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड दगा देतात. म्हणजे टर्बो किटच्या पैशांत भागत नाही. रॉड-पिस्टन, क्लच, ऑइल कूलर सगळं आलंच.

जीटी८६चं खरं दुखणं साडेतीन-चार हजार आरपीएमच्या आसपास आहे. ओव्हरटेक करताना पेडल दाबावं आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) नेमका तिथेच खाली बसावा! चांगला एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि जाणकाराकडून ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून, एवढ्यानं तो खड्डा बराच भरतो. माझ्या मते हा खर्च शंभर टक्के वसूल. मात्र मूळ हेडरमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, म्हणजेच कॅट) असतो, तेव्हा कॅट असलेलाच हेडर घ्या, नाहीतर उत्सर्जन चाचणीत अडकाल.

गाडी ट्रॅकवर नेणार की रोज चालवणार, ते एकदा सांगा.