गाडी गर्दीत अडकली की एसीचा कॉम्प्रेसर सारखा कट होतो

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)

माझ्या सात वर्षे जुन्या पेट्रोल गाडीचा एसी ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडी पळत असताना उत्तम चालतो. परंतु संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावर अडकलो की बोनेटखालून ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर बंद पडतो, कोमट हवा येऊ लागते आणि थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’ होऊन तो चालू होतो. गेल्या महिन्यात एका गॅरेजने गेज (दाबमापक) न लावता गॅस भरून दिला, तेव्हापासून त्रास उलट वाढला. आता तेथे कॉम्प्रेसरच बदलायला सांगत आहेत. खर्च मोठा असल्याने जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर (वाशी)

गॅस गळत असावा. माझ्या गाडीच्या कूलिंग कॉइलला बारीक छिद्र होते, तेव्हा कॉम्प्रेसर असाच कट होत असे.

उत्तर (ऐरोली)

मला तसे वाटत नाही. गॅस कमी असता तर कॉम्प्रेसर गाडी पळतानाही कट झाला असता, आणि रेस वाढवल्यावर तर अधिकच लवकर. आपल्या गाडीत वारा मिळताच एसी सुधारतो, म्हणजे कंडेन्सर (गाडीच्या पुढच्या बाजूची, गॅसमधील उष्णता बाहेर टाकणारी जाळी) थंड होत नाही, दाब वाढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गाडी उभी ठेवून एसी लावा आणि कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते पाहा. हात मात्र दूर ठेवा, कारण तो केव्हाही सुरू होऊ शकतो. मग कंडेन्सरवर पाण्याची बारीक फवारणी करा. कट होणे थांबले तर निदान पक्के समजा.

गॅस जास्त झाला तरी दाब वाढतोच. बंद गाडीला गेज लावून गॅस किती आहे हे कळत नाही, कारण आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर ३० अंश सेल्सिअसला आर-१३४ए (एसीत भरला जाणारा गॅस) चा दाब गेजवर सुमारे ९५ ते १०० पीएसआय (दाबाचे एकक) इतकाच दिसतो. म्हणून गॅस वजन करूनच भरावा. ग्रॅमचा आकडा बहुधा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो. (गाडी पुरेशी गार झाल्यावर होणारा कट हा दोष नव्हे, कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तो होतो.)

प्रश्नकर्ता

आपले निदान अचूक निघाले. एसी लावल्यावर पंखा जागचा हलत नव्हता, इंजिन तापल्यावर मात्र एकदम जोरात सुरू होत असे. दुसऱ्या गॅरेजमध्ये पंख्याच्या कमी वेगाचा रेझिस्टर (विद्युतप्रवाह कमी करून पंखा हळू फिरवणारा भाग) जळालेला आढळला. गॅस मशीनने काढला तेव्हा स्टिकरवरील ४५० ग्रॅमच्या जागी ६०० ग्रॅमहून अधिक निघाला. व्हॅक्यूम करून (आतली हवा काढून) मोजून गॅस भरल्यानंतर काल घोडबंदर रस्त्यावर गायमुखला वीस मिनिटे अडकलो, तरी झोत थंड राहिला.

उत्तर (ऐरोली)

रेझिस्टरचा प्लगही एकदा काढून पाहा. तो वितळून काळा पडला असेल तर वायरसह बदलून घ्या, अन्यथा नवा रेझिस्टरही फार दिवस टिकणार नाही.