रीसेट फॅक्टरीवर नेत नाही

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्कस्पेस, म्हणजे पडद्यावरच्या पॅनेलांची (साधनांच्या छोट्या चौकटींची) मांडणी, रीसेट केली की आपण लावलेलं सगळं पुसलं जातं, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. विंडो मेन्यूतून वर्कस्पेस नाव देऊन सेव्ह केलं असेल, तर रीसेट त्या सेव्ह केलेल्या मांडणीवर आणून सोडतं. गोची अशी, की नंतर हलवलेली पॅनेलं त्यात आपोआप जात नाहीत. मांडणी मनासारखी बसली की न्यू वर्कस्पेस घेऊन जुनंच नाव द्यायचं आणि बदलू का विचारलं की हो म्हणायचं.

मी दिवाळी अंकाच्या कामाला दोन वर्कस्पेस ठेवतो. 'मजकूर'मध्ये पॅराग्राफ स्टाइल्स (परिच्छेदांचे ठरवलेले साचे) आणि ग्लिफ्स (फाँटमधली अक्षरं-चिन्हं) उजवीकडे कायम उघडे, 'छपाई'त लिंक्स (जोडलेली चित्रं), प्रीफ्लाइट (छपाईआधीची चुकांची तपासणी), सेपरेशन्स (छपाईचे वेगवेगळे रंग). लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं एकदम मावतच नाही हो!

आणि पॅनेलं अचानक गायब झाली तर आधी टॅब दाबून बघा. कर्सर मजकुरात नसताना टॅब दाबलं की सगळी लपतात, पुन्हा दाबलं की येतात. आमच्याकडच्या एका नव्या पोराने याच कारणासाठी सॉफ्टवेअर काढून परत टाकलं होतं, अर्धा दिवस गेला.