लेकीची अनियमित पाळी : हार्मोनच्या गोळ्या, आसव की दोन्ही? मदत हवी आहे

लेक १९ वर्षांची, नागपूरला हॉस्टेलवर असते. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली. बारावीपर्यंत थोडी मागेपुढे व्हायची. आता दोन-दोन, कधी तीन महिने पत्ता नसतो आणि आली की आठवडा उलटला तरी थांबत नाही. हनुवटीवर राठ केस यायला लागलेत, वजनही वाढलंय. सोनोग्राफीत पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी लांबणारा अंडाशयाचा त्रास) लिहून आलंय. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) जरा वाढलेलं, म्हणून सकाळी थायरॉक्सिनची गोळी चालू आहे.

गायनॅकनी आधी पाळी येण्यासाठी गोळ्या आणि मग सहा महिने हार्मोनचा कोर्स सांगितलाय. ते ऐकून सासूबाईंचं सुरू, "लग्नाआधी कुठे गं असल्या गोळ्या!" त्यांचा तीळ, गूळ, बाळंतशोपांचा काढा आहेच. शेजारच्या काकू अशोकारिष्टाची बाटली देऊन गेल्या. आमच्या वैद्यांनी कुमारी आसव, रजःप्रवर्तिनी वटी आणि कांचनार गुग्गुळ लिहून दिलंय. एक ना धड भाराभर चिंध्या. लेक म्हणते, "आधी तुमचं ठरू दे, मग कुरिअर कर."

मला आयुर्वेदाचं वावडं नाही, माझ्या बाळंतपणानंतरचं सगळं वैद्यांनीच बघितलं. पण हे सगळं एकत्र चालतं का? अशोकारिष्ट द्यायचं की नाही? आणि हार्मोनच्या गोळ्या बंद केल्या की पुन्हा येरे माझ्या मागल्या झालं तर?

कडूजिरे : ताई, मी बीएएमएस आहे. मुलीला न तपासता औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी सांगते. अशोकाची साल स्तंभन करणारी, म्हणजे रक्तस्राव रोखणारी, म्हणून अशोकारिष्ट मुख्यतः अंगावरून जास्त जातं तेव्हा देतात. पाळी लांबलेली असताना पहिलं औषध ते नव्हे. काकूंची बाटली बाजूला ठेवा.

रजःप्रवर्तिनीत कासीस, टंकण (टाकणखार), हिंग आणि कोरफडीचा एलुवा (वाळवलेला रस) असतो. गोळी उष्ण आहे, एलुव्याने पोटात कळा येतात, जुलाब होतात. गरोदर असताना ती अजिबात चालत नाही, त्यामुळे शंका असेल तर आधी टेस्ट. आणि कासीस म्हणजे लोहच. थायरॉक्सिनसोबत घेतलं तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत किमान चार तास हवेत. वैद्यांना थायरॉइडचं सांगितलं होतं ना?

मोगरी : सासूबाईंना सांगा, त्या गोळ्या लग्न झालंय का ते बघून देत नाहीत. तीन-तीन महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, मग आली की थांबत नाही. तुमच्या लेकीचं तेच होत असावं. हिमोग्लोबिन बघून घ्या. तासाभरात पॅड भिजत असेल तर काढा करत न बसता दवाखाना गाठायचा. गोळ्या थांबवल्यावर पाळी पुन्हा लांबू शकते, हे खरं. वजन पाच-दहा टक्के जरी उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते. माझी आली, पण रात्रीची मॅगी सुटायला वेळ लागला.

कडूजिरे : आणखी एक. पाळी सुरू होऊन आठ वर्षं व्हायच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवत नाहीत, त्या वयात अंडाशय तसे दिसू शकतात. इथे लांबलेली पाळी आणि हनुवटीवरचे केस, दोन्ही आहे, म्हणून निदान बरोबर असेलही. प्रोलॅक्टिन (हे वाढलं तरी पाळी लांबते) आणि साखर तपासली का?

मूळ धागाकर्ती : प्रोलॅक्टिन नॉर्मल आहे, साखर राहिलीय. वैद्यांना फोन केला. थायरॉइडची गोळी त्यांना माहीतच नव्हती, लेकीने सांगितलं नव्हतं म्हणे. वटी तूर्त थांबवा म्हणाले. आधी गायनॅकच्या गोळ्यांनी पाळी येऊ दे, मग दोघांचे कागद समोर ठेवून पुढचं बघू. काढा सासूबाईच पिताहेत.

आता नवीन भानगड. कुमारी आसवाची बाटली हॉस्टेलवर पोचली आणि वॉर्डनबाईंनी वास घेऊन जप्त केली! आसवात मद्यांश असतो हे खरं, पण त्यांना कोण समजावणार? वैद्यांची चिठ्ठी दिली तर चालेल, की आसवाऐवजी गोळीच मागून घेऊ?