भावाला कॅनडातल्या फळबागेत काम, एलएमआयएसाठी १६ लाख मागतात. खरं असतं का हे?

निफाडचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. आमचं गाव निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतच्या जवळ. धाकटा भाऊ बीएस्सी अ‍ॅग्री झालेला, वय २७. आधी एका पॅकहाऊसला सुपरवायझर होता, आता घरचीच द्राक्षबाग बघतो. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग, सगळं त्याच्या हातचं आहे.

नाशिकला गंगापूर रोडच्या एका ऑफिसात त्याला सांगितलंय की कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या ओकानागन भागात फळबागेत काम आहे. मालकाकडे परदेशी कामगार आणायची सरकारी मंजुरी, म्हणजे एलएमआयए, तयारच आहे, फक्त भावाचं नाव टाकायचं. एकूण १६ लाख. पाच आत्ता, बाकीचे मंजुरीचं पत्र आल्यावर. पत्राचा नमुना त्यांनी मोबाईलवर दाखवला, पण पाठवला नाही. त्यावर दीड वर्षाची मुदत लिहिलेली भावानं वाचली. त्यांचं म्हणणं, ही सीझनल स्कीम आहे, पत्र आलं की व्हिसा आलाच, आणि पुढे पीआरला, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीला, ५० गुण मिळतात.

वडील २० गुंठे विकायचं म्हणतायत. बागेचं हल्ली काही खरं राहिलेलं नाही, अवकाळी आला की वर्षाचा खर्च पाण्यात, त्यामुळे त्यानं बाहेर जावं असं मलाही वाटतं. पण जमीन एकदा गेली की गेली. एलएमआयए नक्की कोण देतं, कोणाला देतं आणि त्याला एवढे पैसे लागतात का? माहितगारांनी कृपया सांगावं.

सातपूर_एमआयडीसी

दादा, पैसे सगळेच घेतात. माझ्या साडूचा मुलगा २२ लाख देऊन गेला, आज तिकडे ट्रक चालवतो. फुकटात कोण नेणार? ऑफिस जुनं आहे का तेवढं बघा आणि पावती घ्या.

लासलगाव_ते_लेमिंग्टन

दादा, मी माहेरची लासलगावची. ओंटॅरिओत लेमिंग्टनला टोमॅटोच्या एका ग्रीनहाऊस कंपनीच्या ऑफिसात आहे. परदेशी कामगार आणण्यासाठी कंपनीला जे अर्ज करावे लागतात त्यांची कागदपत्रं जुळवणं हे माझं रोजचं काम. म्हणून सविस्तर लिहिते. शक्य झालं तर वडिलांना वाचून दाखवा.

एलएमआयएसाठी अर्ज मालक करतो आणि मंजुरी मालकालाच मिळते. देणारं खातं ईएसडीसी, म्हणजे इथलं रोजगार खातं, आणि कामकाज सर्व्हिस कॅनडामार्फत चालतं. खातं मालकाला विचारतं: या कामाला इथला माणूस खरंच मिळत नाही का? जॉब बँक या सरकारी साइटवर आणि आणखी ठिकाणी जाहिरात दिलीस का? पगार त्या भागातल्या चालू दरानं देणार का? तुझा धंदा खरा आहे का, पगार द्यायची ऐपत आहे का? शेतीकामासाठी कामगारांच्या राहण्याची जागा तपासून घेऊन तिचा अहवालही अर्जाला जोडावा लागतो. एवढं पटलं तरच होकार येतो. या सगळ्यात कामगाराला करायचं काहीच नसतं आणि भरायचंही काही नसतं.

आता पैशांचं. एलएमआयएची सरकारी फी एका जागेमागे १००० कॅनेडियन डॉलर आहे. ती मालकानं भरायची, कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं बंदी आहे. आणि शेतावरच्या प्रत्यक्ष कामांना तर ती फीसुद्धा माफ आहे. म्हणजे तुमच्या भावाच्या कामापुरती सरकारी फी शून्य, आणि तिच्या नावावर १६ लाख! हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. आमच्या घरी कांद्याच्या भावावर वर्ष ठरायचं, त्यामुळे २० गुंठे म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

तुम्हाला सांगितलेल्या गोष्टी तपासू. 'सीझनल स्कीम' म्हणून जी ओळखली जाते ती मेक्सिको आणि कॅरिबियन देशांतल्या कामगारांसाठीच आहे, कारण त्या सरकारांशी कॅनडाचे करार आहेत. भारतीय माणूस तिच्यातून येऊच शकत नाही. भारतीयांना ज्यातून येता येतं तो शेतीचा वेगळा प्रवाह आहे, त्यात २४ महिन्यांपर्यंत काम मिळू शकतं. त्यात जाण्यायेण्याचं भाडं मालकानं द्यायचं, राहण्याची सोयही त्यानंच करायची आणि जागेपोटी पगारातून साधारणपणे आठवड्याला ३० डॉलरच्या वर कापायचं नाही. तुमच्या भावाला यातलं काही सांगितलं का? सांगितलं नसेल, तर त्या ऑफिसात शेतीचे खरे कागद कधी आलेच नसावेत असं माझं मत.

पत्रावरची दीड वर्षाची मुदतही आता चालत नाही. १ मे २०२४ पासून एलएमआयए सहा महिन्यांपुरताच वैध असतो, तेवढ्यात वर्क परमिटचा अर्ज जावा लागतो. पीआरचे ५० गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, आणि बंद करताना सरकारनं कारण हेच दिलं की एलएमआयएची बेकायदा खरेदी-विक्री थांबवायची आहे.

'पत्र आलं की व्हिसा आलाच' हे तर साफ चूक. वर्क परमिट वेगळं खातं देतं. तो अर्ज भावानं स्वतः करायचा. फी १५५ डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटो यांचे ८५. अधिकारी बघतो की माणसाला काम येतं का आणि मुदत संपल्यावर तो देश सोडेल का. त्याला पटलं नाही तर एलएमआयए खरा असूनही नकार येतो.

मला सगळ्यात जास्त भीती वेगळीच वाटते. पत्र बनावट निघालं तर ते कुणी बनवलं हे नंतर बघितलं जातं, अर्ज मात्र भावाच्या नावावर असतो. खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. 'एजंटनं फसवलं, मला माहीत नव्हतं' म्हणणाऱ्यांचीही त्यातून सहसा सुटका होत नाही. एवढा शिकलेला, हातात कसब असलेला मुलगा यात नको अडकायला.

सातपूरच्या दादांना नम्रपणे सांगते, तुमच्या नातेवाइकाचं बरं झालं याचा आनंदच आहे. पण असे पैसे भरून आलेला माणूस मालकाच्या मुठीत राहतो. परमिटवर त्या एकाच मालकाचं नाव असतं. आठवड्याला किती तास काम दिलं, पगार ठरल्याप्रमाणे दिला का, हे बोलायला तो घाबरतो, कारण घरी कर्ज उभं असतं. इथे तपासणी होते, मालकाला एका उल्लंघनासाठी १ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, छळ झालेल्या कामगाराला २०१९ पासून दुसरीकडे काम करता येईल असं खुलं परमिटही मागता येतं. पण त्यासाठी आधी तोंड उघडावं लागतं.

निफाडच्या दादा, एक करा. त्या बागेचं पूर्ण नाव आणि पत्ता मागा. एलएमआयए मिळालेल्या मालकांची यादी कॅनडा सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, त्यात मालक, गाव, काम आणि किती जागा हे असतं. मालकाचं स्वतःचं नावच धंद्याचं नाव असेल तर ते यादीत येत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. बागेचा फोन स्वतः शोधा, एजंटनं दिलेला नको, आणि भावाला थेट बोलू द्या. खरा मालक पाच मिनिटांत विचारेल की छाटणी किती वर्षं करतोस.

इंदिरानगर_आई

ताई, मध्येच विचारते. माझ्या मुलाला टोरांटोत हॉटेलच्या किचनमध्ये असंच सांगतायत, ११ लाखांत. तिथेही हेच का?

लासलगाव_ते_लेमिंग्टन

काकू, तिथे तर आणखी अवघड. २६ सप्टेंबर २०२४ पासून ज्या मोठ्या शहरांत बेकारी ६ टक्के किंवा जास्त आहे तिथले कमी पगाराच्या जागांचे अर्ज खातं विचारातच घेत नाही. शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम, आरोग्य अशांना सवलत आहे, हॉटेलला नाही. शहरांची यादी दर तीन महिन्यांनी बदलते, ती आधी बघा.

मुंबई_नाका_निवृत्त

ताईंनी कॅनडाची बाजू सांगितली, मी इकडची सांगतो. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली एजंटकडे नोंदणी प्रमाणपत्र लागतं. काही ऑफिसं सांगतात की कॅनडाला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देश सोडायची सरकारी परवानगी, लागत नाही, म्हणून आम्हाला लायसन्स नको. क्लिअरन्सचा मुद्दा बरोबर, लायसन्सचा चूक. परदेशातल्या मालकासाठी भरती करणारा कुठल्याही देशासाठी करो, नोंदणी हवीच. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, नाव टाकून बघा. अशा एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीवर. 'आम्ही फक्त व्हिसाचा सल्ला देतो' असं म्हणाले, तर कॅनडाच्या सल्लागार कॉलेजच्या, म्हणजे इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, नोंदवहीत त्यांचं नाव आहे का विचारा.

निफाडचा_बागायतदार

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, वडिलांना पूर्ण वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी गिऱ्हाईकाला फोन करून थांबायला सांगितलं. ई-मायग्रेटवर त्या ऑफिसचं नाव नाही. बागेचं नाव मागितलं तर 'टोकन भरल्याशिवाय देत नाही' म्हणाले. आता एकच अडचण, भावाचा मूळ पासपोर्ट त्यांच्याकडे आहे.

मुंबई_नाका_निवृत्त

तो उद्याच आणा. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते, खासगी माणसाला तो अडकवून ठेवता येत नाही. पैशांचा विषयच काढू नका, 'बँकेच्या कामाला हवाय' एवढं म्हणा आणि भावासोबत दोन मोठी माणसं जा. दिला नाही तर तिथूनच पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयाला पाठवा.

लासलगाव_ते_लेमिंग्टन

आणि पासपोर्ट हातात आल्यावर भावाला त्याचा अनुभव नीट लिहून काढायला सांगा: कुठल्या जातीची द्राक्षं, किती एकर, पॅकहाऊसला किती माणसं हाताखाली. पॅकहाऊसचं अनुभवपत्रही घेऊन ठेवा. जॉब बँकेवर परदेशी उमेदवार चालतील असं लिहिलेल्या शेतीच्या जागा वेगळ्या शोधता येतात. अर्ज कसा करायचा ते मी त्याला सांगेन, मला इथे निरोप पाठवू दे.