खोक्यातला गेम झोन : टाकाऊ सामानातून मुलांसाठी केलेल्या खेळांचे तुमचे अनुभव

मे महिन्यात आमच्याकडे नवा फ्रिज आला आणि त्याचा खोका आठ वर्षांच्या मुलीने रद्दीवाल्याला देऊ दिला नाही. मॉलमधल्या गेम झोनमध्ये पाहिलेला पिनबॉल, म्हणजे उतरत्या फळीवर गोळी सोडून गुण मिळवायचा खेळ, तिला घरीच करायचा होता. माझ्या लहानपणी आमच्याकडे लाकडी बॅगाटेल, म्हणजे खिळ्यांमधून गोटी सोडायची फळी, होते. त्या आठवणीवर विसंबून आम्ही ६० सेंटिमीटर लांबीचा तळ कापला आणि त्याची मागची बाजू ५ सेंटिमीटर उचलली. पण पुठ्ठ्याच्या खाचा आणि चिकटपट्टीच्या कडा यांना अडून गोटी मध्येच थांबत होती. उंची १० सेंटिमीटर केल्यावर, म्हणजे साधारण साडेनऊ अंशांचा उतार मिळाल्यावर, ती धावू लागली. खऱ्या यंत्राचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि गोळी जड पोलादी असल्यामुळे तिथे साडेसहा अंशांच्या आसपासचा उतार पुरतो.

आइसक्रीमच्या काड्यांचे फ्लिपर, म्हणजे खाली येणारी गोळी पुन्हा वर मारणाऱ्या पट्ट्या, तीनदा निखळले. शेवटी काडी पेन्सिलीच्या तुकड्याला घट्ट चिकटवली, पेन्सिल तळाच्या भोकातून खाली काढली आणि तिला रबरबँडचा ताण दिला, तेव्हा ते जमले. स्प्रिंगच्या दट्ट्याने गोळी सोडण्याचे पेटंट सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांना १८७१ मध्ये मिळाले, मात्र बटणाने चालणारे विजेचे फ्लिपर शिकागोच्या गॉटलिब कंपनीच्या यंत्रात १९४७ मध्ये आले; त्याआधी गोळी एकदा सुटली की यंत्राला धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातात फारसे काही नसे. हे ऐकल्यावर मुलीने फ्लिपर नसलेला आपला पहिला खेळ मोडायचा नाही असे ठरवले, आणि आता दोन्ही खेळ शेजारी शेजारी मांडलेले असतात.

तुमचा खेळ कुठे अडला आणि कशाने सुटला, हे कृपया सविस्तर लिहावे.

एक शिक्षिका, सातारा जिल्हा

आमच्या पाचवीच्या मुलांनी वरून मणी सोडायचा खेळ केला. नुसत्या पुठ्ठ्यात टाचण्या वाकत होत्या, म्हणून टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल मागून चिकटवला. टाचण्यांच्या चार ओळी आणि खाली पाच कप्पे अशी रचना होती. मुलांनी मधल्या कप्प्याला सर्वांत जास्त गुण दिले आणि पहिल्याच दिवशी जो तो जिंकू लागला. असे का होते हे शोधताना त्यांनी मण्याच्या सगळ्या वाटा फळ्यावर खडूने काढल्या. एकूण १६ वाटा निघाल्या, त्यांपैकी मधल्या कप्प्यात ६, त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे प्रत्येकी ४ आणि कडेच्या कप्प्यांत प्रत्येकी एकच वाट जात होती. मग गुणही त्याच हिशेबाने बदलले : मध्ये १०, शेजारी १५ आणि कडेला ६०. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात अशीच फळी करून संभाव्यता दाखवली होती, हे मी मुलांना नंतर सांगितले. आधी सांगितले असते तर त्यांनी वाटा मोजल्या नसत्या असे मला वाटते.

एक आजी, सध्या मुक्काम न्यू जर्सी

मी एरवी सांगलीत असते. इथे नातवाला समुद्रकाठच्या जत्रेतला स्की-बॉल फार आवडतो. चेंडू उतरणीवरून घरंगळत जातो, टोकाशी उसळी घेतो आणि वर्तुळांच्या भोकांत पडतो, असा तो खेळ. त्याचे १९०८ चे पेटंट याच राज्यातल्या व्हाइनलँडच्या जोसेफ सिम्पसन यांचे, म्हणून नातू त्याला ‘आपल्या गावचा खेळ’ म्हणतो. आम्हाला उसळीचा बाक काही केल्या जमेना, पुठ्ठा दर वेळी मधोमध दुमडायचा. पुठ्ठ्याच्या आत बारीक नळ्या असतात. त्या आडव्या ठेवून, प्रत्येक नळीवर लाटण्याने हलका दाब देत गेल्यावर तो पोळीसारखा अलगद वळला. मोज्यांचे गोळे नीट घरंगळत नाहीत, त्यासाठी लहान रबरी चेंडूच हवा. गुणांची वर्तुळे दह्याच्या रिकाम्या डब्यांची केली आणि बक्षिसाची तिकिटे सीरियलच्या खोक्यांची कापली.

दोन वर्षांच्या बाळाची आई, डोंबिवली

एवढेच कळकळीने सांगते की धाकटे भावंड घरात असेल तर गोट्या आणि मणी वापरू नयेत, कारण ते घशात अडकतात. दिव्यासाठी बटणासारखे चपटे सेल तर मुळीच नकोत, कारण गिळले गेल्यास ते काही तासांत अन्ननलिका जाळतात. आम्ही पेन्सिल सेल वापरले आणि त्यांच्या डब्याचे झाकण स्क्रूने बंद केले.

एक बाबा, पुणे

शाळेत असताना आम्हाला आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत नेले होते. अरविंद गुप्ता यांची काडेपेटीच्या काड्यांची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी तिथे हाताळली, तेव्हापासून रिकाम्या बाटल्या टाकवत नाहीत. यंदा मुलासोबत पंज्याने वस्तू उचलून जिंकायचे यंत्र केले. पंजा शीतपेयाच्या बाटलीच्या पट्ट्यांचा आहे आणि तो नळीने जोडलेल्या सिरिंजच्या जोडीने हलतो. सिरिंज तेवढ्या औषधाच्या दुकानातून नव्या आणल्या, वापरलेल्या घेऊ नयेत. नळीत नुसती हवा होती तोवर पंजा लुळा पडत होता, कारण दट्ट्या ढकलला की हवाच दाबली जात होती. नळी पाण्यात बुडवून बुडबुडे काढले तेव्हा हालचाल लगेच पोहोचू लागली. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या थोडा ढकलला की लहान सिरिंजचा जास्त सरकतो, पण त्याचा जोर कमी होतो. म्हणून उचलण्यासाठी एक जोडी आणि पकडण्यासाठी वेगळी जोडी ठेवली.

मॉलमधल्या यंत्रात पंज्याची पकड मालकाला कमी-जास्त करता येते, हे मी मुलाला सांगितले होते. त्याने आपल्या यंत्राच्या पाठीमागे हात जाईल एवढी खिडकी कापली. धाकट्या बहिणीचा नेम दोनदा हुकला तेव्हा तो खोक्यामागे गेला आणि तिसऱ्या वेळी राजगिऱ्याचा लाडू पंज्यात हळूच ठेवून दिला.