वृद्धाश्रमातील विडीचा कोपरा: बंदी की बंदोबस्त?

कृष्णाकाठ, सांगली: ‘वृद्धाश्रमात विडी ओढायला जागा देणे म्हणजे आगीला पाट मांडून बसवणे,’ असे विश्रामबागकर यांनी काल लिहिले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे वडील मिरजेजवळच्या एका आश्रमात होते. तेथे कडक बंदी होती. घरी आयुष्यभर अंगणात बसून ओढणारा हा माणूस तेथे रात्री खाटेवर ओढू लागला आणि कोणाची चाहूल लागली की पेटते थोटूक उशीखाली सारू लागला. कापसाची गादी भडकत नाही, आतल्या आत धुमसते. शेजारच्या आजोबांना पहाटे ठसका लागला म्हणून निभावले. व्हरांड्यापासून दूर उघडी जागा, लोखंडी बाक, वाळूचे घमेले आणि काडेपेटी स्वतःजवळ ठेवणारा एक माणूस, एवढे असते तर ती गादी पेटली नसती.

विश्रामबागकर: प्रसंग वाईट होता, पण तो दोष बंदीचा नव्हे, देखरेखीचा आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून मनाई आहे; आश्रमांनीच पळवाटा का शोधाव्यात? ज्यांचा हात थरथरतो, त्यांच्या नायलॉनच्या स्वेटरवर ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो. तेथे आपले घमेले काय करणार?

शाहूनगर, सातारा: विडीवर एवढा राग, मग देवघरातल्या निरांजनावर का नाही? आमच्या मावशी प्राणवायूच्या यंत्राची नळी नाकाला लावूनच आरती ओवाळत असत आणि आश्रमातले सगळे कौतुकाने टाळ्या वाजवत.

विश्रामबागकर: निरांजनाला विडीच्या पंगतीत बसवणे हा निव्वळ खोडसाळपणा आहे. आपल्याला श्रद्धेचा राग काढायचा असेल तर वेगळा धागा काढा.

शाहूनगर, सातारा: मी स्वतः रोज सांजवात लावतो, तेव्हा हे शिकवू नका. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. नळीतून सुटणारा प्राणवायू शालीत आणि केसांत मुरतो, नळी काढली तरी लगेच जात नाही, आणि मग एरवी विझून जाणारी ठिणगीही भडका घेते. ती वातीची आहे की विडीची, हे शालीला कळत नाही.

रात्रपाळी, कराड: आपण सगळे ‘एक माणूस’ किती सहज लिहिता! ती मी आहे. रात्री तीस जणांमागे आम्ही दोघी, त्यात एक जण पडला की दुसरा घंटा वाजवतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आमच्याकडे चौकटीत लावलेले आहे. अग्निशामक नळकांडे मात्र कार्यालयात, कार्यालयाला कुलूप आणि किल्ली व्यवस्थापकांच्या घरी. गेल्या हिवाळ्यात थोटकांनी कचऱ्याचा प्लास्टिकचा डबा पेटला, तेव्हा मी तो पिण्याच्या पाण्याच्या कळशीने विझवला. कोपरा हवा की बंदी हवी ते ठरवा, पण आधी ते नळकांडे बाहेर आणा.

कृष्णाकाठ, सांगली: ताई, ‘एक माणूस’ हे मी फार हलकेपणाने लिहिले, ते मान्य. कोपरा दिवसाउजेडीच उघडा ठेवावा आणि काडेपेटी संध्याकाळी जमा करून घ्यावी.

विश्रामबागकर: बरे, करा तुमचा कोपरा! पण प्राणवायूवरच्या माणसाला तेथे फिरकू देऊ नका आणि थोटके पाण्यात बुडवल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. निरांजनाबाबत मी तसूभरही मागे हटलेलो नाही.

शाहूनगर, सातारा: मावशी हटल्या. आता त्या लांब बसून नुसते हात जोडतात आणि दुसऱ्या आजी ओवाळतात. आरती नीट म्हटली जात नाही, ही त्यांची तक्रार रोज ऐकावी लागते.