मदत हवी आहे: मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसत नाही, फवारणी चालूये, तरी पपईत रिंगस्पॉट (फळावर कड्या पाडणारा व्हायरसचा रोग) पसरतोय

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. टोमॅटो आणि पपई शेजारी शेजारी आहेत. टोमॅटोत पांढरी माशी होती, पण लावताना रोपांची मुळं इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकात बुडवलेली, नंतर दोन फवारण्या घेतल्या, तर लीफ कर्ल (या माशीने पसरणारा, पानं आकसवणारा व्हायरसचा रोग) एका कोपऱ्यातच राहिला. म्हटलं हाच हिशोब पपईला लावू, तर तिथे उलटंच. दर आठ दिवसांनी फवारतोय, पानं उलटी करकरून बघतो, एक मावा सापडत नाही आणि तरी दर वेळी चारपाच नवीन झाडं, शेंड्याची पानं पिवळीहिरवी, देठावर तेलकट रेघा, फळावर गोल कड्या. मावाच नाही तर व्हायरस आणतोय कोण? डोस वाढवू का?

प्रतिसाद १:
डोस अजिबात नको. पपईवर मावा वस्ती करतच नाही हो, पंखवाला मावा कुठून तरी उडत येतो, सोंड टोचून चव बघतो, नाही आवडलं की पुढचं झाड. रिंगस्पॉटचा व्हायरस सोंडेलाच चिकटतो, त्यामुळे एवढ्या चाखण्यातच घेणं-देणं उरकतं. औषधाने तो मरेलही, पण काम करून. काही औषधांनी तर बिथरून जास्तच झाडं टोचतो. टोमॅटोचं वेगळं, लीफ कर्लचा व्हायरस माशीच्या पोटातून लाळेपर्यंत यायला बरेच तास लागतात, तेवढ्यात औषध तिला गाठतं. म्हणून तिकडे जमलं.

धागाकर्ता:
अच्छा!! म्हणजे इतके दिवस मी नुसतं पाणी पाडत होतो. मग झाडं उपटू? फळं धरलीत, हात होत नाही.

प्रतिसाद २:
उपटा, लागलेलं झाड कुठल्याच औषधाने बरं होत नाही आणि उभं राहिलं की साठा तिथेच. जवळ काकडी-भोपळ्याचे वेल असतील तर तेही बघा, हाच व्हायरस त्यांच्यातही राहतो. मिनरल ऑइलच्या फवाऱ्याने असा लागण करणारा मावा थोडा अडतो, पण आधी दोनचार झाडांवर मारून बघा, पानं करपतात कधीकधी. आणि टोमॅटोत पुढे इमिडाक्लोप्रिडनंतर थायामेथोक्झाम किंवा ॲसिटामिप्रिड मारून औषध बदललं म्हणू नका, नावं तीन, गट एकच, माशी त्याला सरावते.

धागाकर्ता:
भोपळा कुंपणावर मीच चढवलाय 🤦 उद्या पानं बघून फोटो टाकतो. सगळे वेल काढू की डाग असलेलेच?